तिसऱ्या पातळीवरचा धाकटा

माझा धाकटा भाऊ सकाळी कामावर गेला आणि चहाची भांडी विसळून होतात तोच परत आला. मी शिवणयंत्रावर बसून कुणाच्या तरी पडद्याला पट्टी लावत होते. दार उघडल्याचा आवाज आला, पण बूट काढल्याचा आला नाही. आमच्या घरात आईच्या धाकाने कुणी बुटानिशी आत येत नाही, म्हणून मी मान वर केली. धाकटा खुर्चीच्या अगदी कडेवर बसला होता, जेवणाचा डबा मांडीवर घट्ट धरून. चेहरा असा उतरलेला, की कुणीतरी गेलं असंच मला वाटलं.

"काय रे, काय झालं?"

"कार्ड चाललं नाही," तो म्हणाला.

बाकीचं त्याच्या तोंडून काढायला मला दुपार झाली. गेटवरच्या यंत्राला त्याने कार्ड लावलं, तर दांडा हललाच नाही. पुसून पुन्हा लावलं. मागे रांग खोळंबली, कुणीतरी चुकचुकलं. मग पहारेकरी आला. रोज ज्याच्याशी अरेतुरे चालायचं त्या पहारेकऱ्याने कार्ड हातातून काढून घेतलं आणि म्हणाला, साहेब, तुम्ही घरी जा, काय ते कळवतील. भावाला कार्ड गेल्याचं जेवढं लागलं नव्हतं तेवढं ते 'साहेब' लागलं होतं.

त्या कार्डावर आमचं घर चालत होतं हे खरं, पण तेवढंच नव्हतं. त्या कार्डासाठी ह्या माणसाने काय काय सोडलं होतं ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

लहानपणी धाकट्याच्या तोंडात तीळ भिजत नसे. शाळेतून आला की दप्तर पाठीवर तसंच ठेवून तो आईसमोर उभा राहायचा आणि सुरू व्हायचा. कुणी कुणाला ढकललं, मास्तरांच्या सदऱ्याचं कुठलं बटण तुटलं होतं, मधल्या सुट्टीत कुणाचा डबा सांडला, सगळं साग्रसंगीत. आई भाजी चिरता चिरता हुंकार द्यायची. मी ओरडायचे, ह्याच्या तोंडाला कुणीतरी बूच मारा. आई म्हणायची, बोलू दे गं त्याला, तो बोलला की मला दिवसभर त्याच्या शेजारी बाकावर बसून आल्यासारखं वाटतं. पुढे वडील गेले. माझं लग्न झालं आणि मी भांडून परतही आले. ती वेगळी गोष्ट आहे, आणि तिच्यात माझी काडीची चूक नाही. सांगायचं एवढंच, की घरात आम्ही तिघं उरलो आणि तिघांत बोलणारा एकटा धाकटा होता.

दोन गल्ल्या ओलांडून एक कंपनी होती, सरकारी खात्यांची कंत्राटं घेणारी. बारीक तारा जोडायच्या, त्यांना डाख द्यायचा, असलं काम. धाकट्याचा हात हलका आणि नजर बारीक, त्यामुळे त्याला लगेच घेतलं. त्या कंपनीत माणसांच्या तीन पातळ्या होत्या. पहिल्या पातळीला पांढरं कार्ड. पोलिसांकडून चांगल्या वागणुकीचा दाखला आणला की ते मिळे, आणि बाहेरचा हॉल आणि कँटीन एवढं त्यावर उघडे. दुसरीला पिवळं. ते देण्याआधी नातेवाईक कुठे असतात, बँकेत काय आहे, उधारी कुणाची आहे, सगळं खणून काढत. आणि तिसरीला लाल. लाल कार्डावर आतली बिनखिडकीची खोली उघडे. तिथे जाताना मोबाइल, घड्याळ, पेन, सगळं बाहेरच्या कप्प्यात. लाल कार्डवाल्याच्या शेजाऱ्यांना विचारत, जुन्या शिक्षकांना विचारत, आणि काही वर्षं गेली की पुन्हा पहिल्यापासून सगळ्यांना विचारत. मला वाटायचं, एकदा लाल मिळालं की माणसाला सगळं बघता येत असेल. तसंही नव्हतं. आपल्या कामाला जेवढं लागतं तेवढंच बघायचं. बाजूच्या टेबलावरचा काय करतो हे विचारायचं नाही, आणि त्याने आपणहून सांगितलंच तर वर कळवायचं. असल्या ठिकाणी मी अर्धा दिवस टिकले नसते.

धाकटा टिकला. नुसता टिकला नाही, एकेक पायरी चढत गेला, आणि प्रत्येक पायरीवर त्याचं बोलणं कमी झालं. पांढरं कार्ड होतं तोवर कँटीनमधल्या गमती यायच्या. पिवळं आलं आणि कामाचा विषय बंद झाला. मग माणसांचाही बंद झाला, कारण माणसांची नावं म्हणजे पण माहितीच म्हणे. लाल आल्यावर तर कहर झाला. आज उशीर का झाला, तर म्हणे, झाला. तिथे उकडतं का रे, तर ह्याचं उत्तर नाही, नुसती मान खाली. बिल्डिंगमधली माणसं त्याला 'कुलूप' म्हणायला लागली आणि तो त्यावरही काही बोलला नाही. त्याचं लग्न ठरलं होतं, वाचनालयात काम करणाऱ्या एका हसऱ्या मुलीशी. तिचीही चौकशी झाली, तिने ती निभावून नेली. पण एक दिवस माझ्याकडे येऊन म्हणाली, ताई, भिंतीशी लग्न केलं असतं तर निदान खिळा ठोकून तिच्यावर एखादं चित्र तरी लावता आलं असतं. तिने लग्न मोडलं, पण मला तिचा जराही राग आला नाही.

आईने मात्र त्याला कधी खोदून विचारलं नाही. कंपनी सुटली की तो तडक घरी यायचा, आणि तो यायच्या सुमाराला आई टेबलाशी जाऊन बसायची. तो जेवायचा, ती बघायची. त्याचे शर्ट ती मला धुवायला देत नसे. म्हातारीला काहीतरी करायला हवं असतं, असं म्हणून मी तो विषय सोडून दिला होता. दुपारी ती खाली बिल्डिंगच्या दारातल्या बाकावर जाऊन बसे. तिथे दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त नर्सबाई, बेकरीवाल्याची सासू आणि अशाच दोघीतिघी असत. आपापल्या मुलांचं कौतुक करणं हाच त्या बाकाचा धंदा होता.

धाकट्याच्या लाल कार्डाची फेरचौकशी आली तेव्हा आमच्या घरी एक सर्दी झालेले गृहस्थ आले. दर दोन वाक्यांनंतर नाक पुसायचे आणि मग माफी मागायचे. त्यांनी मला विचारलं, भाऊ काय काम करतो? मी म्हटलं, तारा जोडतो असं ऐकून आहे. कुठल्या तारा, कशाला जोडतो, हे विचारलं तर तो ताटावरून उठून जाईल. एवढी वर्षं झाली, ताकाला तूर लागू दिलेली नाही. तुम्हाला कळलं तर मलाही सांगा. ते हसले, चहा प्यायले, आणि आई कुठे आहे म्हणाले. मी खिडकीतून बाक दाखवला. थोड्या वेळाने सहज डोकावले तर ते बायकांच्या मधोमध बसले होते, आईने सरकून त्यांना जागा करून दिली होती आणि ती हातवारे करून काही सांगत होती. नर्सबाई मान डोलावत होत्या. सगळं कसं झकास चाललंय असं वाटून मी पुन्हा यंत्रावर बसले.

त्यानंतर काही आठवड्यांनी हे असं. बूट, डबा आणि उतरलेलं तोंड.

दुसऱ्या दिवशी त्याला कंपनीच्या सुरक्षा अधिकारी बाईंनी बोलावलं. त्या एवढंच म्हणाल्या, की तुम्ही ज्याच्यावर काम करता त्याची चर्चा बाहेर चालू आहे, आणि ती तुमच्या घरातून सुरू झाली आहे. समितीपुढे सुनावणी होईल. तुम्ही सांगितलंत असं ठरलं तर कार्ड कायमचं गेलं आणि वर खटलाही होऊ शकतो. धाकटा घरी आला, माझ्या यंत्रासमोर उभा राहिला आणि त्याने विचारलं, "ताई, मी कधी तुझ्यापाशी काही बोललो का?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, मला तू सांगितलंस तरी काय रे, म्हणून मी बाहेर सांगू? तू दुपारी जेवलास की नाही हेसुद्धा मला डबा उघडून कळतं. त्याने मान हलवली. हे खरं आहे म्हणाला. मग माझ्याकडे न बघता त्याने विचारलं, "मी झोपेत बोलतो का?"

तेव्हा मात्र माझा राग कुठल्या कुठे गेला. ज्याने तोंडातून शब्द जाऊ नये म्हणून लग्न मोडू दिलं तो माणूस आता स्वतःच्या झोपेवर संशय घेत होता. मी म्हटलं, तू घोरतसुद्धा नाहीस. त्याचा विश्वास बसला नाही. त्याने आपली गादी उचलून सामानाच्या खोलीत नेली, जुने खोके आणि सुटकेसेस यांच्यामध्ये पसरली. तोंडावर मफलर गुंडाळून, दार लावून तो तिथे झोपायला लागला. सकाळी बाहेर आला की त्याच्या गालांवर लोकरीचे वळ असत. आईला आम्ही सांगितलं होतं की त्याला रजा मिळाली आहे. ती जेवताना त्याच्याकडे बघायची आणि कपाळाला आठ्या घालायची.

मग एका सकाळी जिन्यात नर्सबाई भेटल्या. माझा हात धरून म्हणाल्या, कुलूपला घरी बसवलं म्हणे? काय गं बाई हे, पाणबुडीच्या कानांचं एवढं मोठं काम करणारा मुलगा.

"कसले कान?" मी विचारलं.

त्या चकितच झाल्या. म्हणजे तुला माहीत नाही? अगं तुझी आई किती महिने सांगतेय. समुद्राच्या पाण्यात सोडायचे कान बनवतात तिथे, त्यातून पाणबुडी येतेय का ते ऐकू येतं. त्या सर्दीवाल्यांनाही तिने सांगितलं की. त्यांनी विचारलं, मुलगा कसा आहे, तर म्हणाली, माझा मुलगा माझ्यापासून काही लपवत नाही, रोज संध्याकाळी मला सगळं सांगतो. आम्हीही सगळ्यांनी सांगितलं, हो, मोठा गुणी मुलगा आहे, आईला सांगितल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. नर्सबाईंच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की मला त्यांच्या अंगावर धावून जावंसं वाटलं. त्या सगळ्या बायकांनी मिळून, मनापासून, त्याचं भलं व्हावं म्हणून त्याला खड्ड्यात घातलं होतं. मी कठड्याला धरून उभी राहिले.

पण जिना चढता चढता मला उलट हायसं वाटायला लागलं. आईने थाप मारली, दुसरं काय. बाकावर सगळ्यांची मुलं बोलतात, हिचं बोलत नाही, म्हणून म्हातारीने आपल्या मनाने काहीतरी रचलं. थाप आहे म्हटल्यावर धाकटा सुटलाच. मी घरात शिरले आणि हसत हसतच त्याला म्हणाले, सुटलास रे बाबा. आईने खाली लोणकढी ठेवून दिलीय, की तू पाणबुडीचे कान बनवतोस.

धाकटा उठला. त्याने रस्त्याकडची खिडकी लावली. मग स्वयंपाकघरात जाऊन तिथली लावली. मग परत येऊन माझ्यासमोर उभा राहिला.

"ताई," तो म्हणाला, "हा शब्द ह्या घरात पुन्हा काढू नकोस."

थाप नव्हती. आईने जे सांगितलं होतं ते अक्षरशः खरं होतं, आणि ते मला त्याच्या बोलण्यातून नाही, दोन बंद खिडक्यांमधून कळलं. आता हे लिहायला हरकत नाही. कंपनी बंद पडून किती वर्षं झाली, आणि ती वस्तू एका संग्रहालयात काचेच्या कपाटात ठेवली आहे. शाळेची मुलं तिच्यापुढे उभी राहून फोटो काढतात. पण तेव्हा त्या एका शब्दावर माझ्या भावाचं सगळं आयुष्य अडकलं होतं.

मी म्हटलं, चल, आईलाच विचारू तिला कुठून कळलं. त्याने माझं मनगट धरलं. म्हणाला, तिला विचारायचं नाही. विचारलं म्हणजे ते खरं आहे असं तिला सांगितल्यासारखं होतं, आणि मग मी खरंच गुन्हा केला असं होईल. तूही विचारायचं नाहीस. असला उफराटा नियम मी जन्मात ऐकला नव्हता. जिला खरं काय ते माहीत होतं ती पलीकडच्या खोलीत मटार सोलत बसली होती, आणि आम्ही दोघं तिच्यासमोरून मुकाट्याने ये-जा करत होतो. धाकट्याने मनाशी पक्कं केलं होतं, की आपण झोपेतच बोललो. दुसरं काही असूच शकत नाही. आणि तेच आपण समितीपुढे सांगणार.

सुनावणीला आईलाही बोलावलं होतं. तिला आधाराशिवाय फार जिने चढवत नाहीत, म्हणून मला तिच्याबरोबर आत जाऊ दिलं. साधीच खोली होती. लांब टेबल, पाण्याचा जग, भिंतीवर बंद पडलेलं घड्याळ. टेबलापलीकडे तिघं. मधे एक पांढऱ्या केसांचे अध्यक्ष, त्यांच्या डाव्या हाताला सुरक्षा अधिकारी बाई, उजवीकडे एक तरुण बाई लिहून घेणारी. सर्दीवाले गृहस्थ कोपऱ्यात रुमाल घेऊन बसले होते. धाकटा भिंतीपाशी एकटा.

त्याला आधी विचारलं. तो उभा राहिला आणि म्हणाला, "शुद्धीत असताना मी कुणाला काही सांगितलेलं नाही. झोपेत बोललो असेन. तसं नसेलच असं मी म्हणू शकत नाही."

स्वतःच्या हाताने स्वतःच्या गळ्यात दोर अडकवत होता तो, आणि तेही प्रामाणिकपणे. तरुण बाईने ते शब्द लिहून घेतले. मग अध्यक्ष आईकडे वळले आणि त्यांनी जरा मोठ्याने विचारलं, मुलगा तुम्हाला कामाबद्दल सांगतो का? आई म्हणाली, सांगतो की, रोज. मी डोळे मिटून घेतले. काय सांगतो? आई म्हणाली, आज किती वेळ पाण्यात काम होतं, किती वेळ ऐकायचं होतं, काम नीट झालं की बिघडलं. अध्यक्षांनी सुरक्षा अधिकारी बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान खाली घातली. संपलं सगळं, असं मला वाटलं.

"हे तो नेमकं कुठल्या शब्दांत सांगतो?" अध्यक्षांनी विचारलं.

"शब्दांत कशाला सांगेल?" आई म्हणाली. "त्याने घरात बोलणं सोडून किती वर्षं झाली."

खोलीत कुणाला काही कळलं नाही. आईला वाटलं ह्यांना ऐकू आलं नाही, म्हणून ती पुढे सरकली आणि लहान मुलांना समजवावं तशी सांगायला लागली.

"घरी येतो तेव्हा त्याची बोटं बघा. टोकं पांढरी, सुरकुतलेली, धुणं धुतल्यासारखी. मग तो पाण्यात हात घालतो. त्याचे शर्ट मी धुते. बाहीला मिठाची रेघ असते, चाटून बघितली मी. मग ते समुद्राचं पाणी. आणि दोन्ही कानांभोवती गोल वळ असतो, केस दाबलेले असतात. म्हणजे काहीतरी कानाला लावून ऐकतो. घरी आला की नळ टपटपला तरी उठून बंद करतो, इतका कान हळवा झालाय. आता सरकारला समुद्रात कान घालून काय ऐकायचं असतं? मासे? पाणबुडीच असणार."

सर्दीवाल्यांचं नाक वाहत होतं आणि रुमाल हातात तसाच राहिला होता. मी आ वासून आईकडे बघत होते. मीही त्याच टेबलावर जेवत होते, तीच बोटं भाताचा डाव माझ्याकडे सरकवत होती, आणि मला त्यात कधी काही दिसलं नव्हतं. पण खरा धक्का बसला होता तो धाकट्याला. त्याने आपले दोन्ही हात समोर धरले होते आणि ते दुसऱ्याच कुणाचे असावेत तसा त्यांच्याकडे बघत होता. मग हळूच त्याने ते मांड्यांखाली सारले.

"तुम्ही हे त्याला कधी बोलून दाखवलंत?" बाईंनी विचारलं.

"नाही हो," आई म्हणाली. "त्याला बोलायची परवानगी नाही ना. मी बोलले असते तर तो संकोचला असता. तो जेवतो, मी बघते. मला दिवसभर त्याच्याजवळ बसून आल्यासारखं वाटतं."

आम्हाला बाहेर बसवलं आणि पुन्हा आत बोलावलं. अध्यक्ष म्हणाले, तुमच्या मुलाने काही सांगितलं नाही हे समितीला पटलं आहे, कार्ड परत मिळेल. माझा जीव भांड्यात पडला आणि तिथेच तो पुन्हा बाहेर निघाला, कारण बाई बोलायला लागल्या होत्या. तुम्हाला दिसलं ते उद्या आणखी कुणाला दिसेल, त्या म्हणाल्या. म्हणून दोन मार्ग आहेत. एक, त्याने दुसऱ्या पातळीवर यावं, तिथे कोरडं काम आहे, पाणी नाही, ऐकणं नाही. दोन, लाल कार्ड ठेवावं, पण मग रबराचे हातमोजे, शर्ट कंपनीचा आणि तो कंपनीतच धुतला जाणार, आणि अंगावरचे वळ जाईपर्यंत त्याने घरात पाऊल टाकायचं नाही. आईने ह्यापुढे बाकावर एक अक्षर बोलायचं नाही, असंही तिच्याकडून लिहून घेतलं. माझ्याकडूनही घेतलं. आईने सही केली आणि विचारलं, "म्हणजे आता बघायचंही नाही का?"

बाई वाईट नव्हत्या. "बघा हो आजी," त्या म्हणाल्या. "फक्त दिसायला नको."

धाकट्याने लाल कार्ड निवडलं. एका क्षणाचाही विचार केला नाही. मला त्याचा भयंकर राग आला, घरी येईपर्यंत मी त्याच्याशी बोलले नाही, अर्थात त्याच्या ते लक्षातही आलं नसेल. ज्याच्यापायी तोंड शिवून घेतलं, लग्न घालवलं, ते कार्ड परत मिळत असताना कोण सोडेल, हे मला कळत होतं. तरी राग आला. आई मात्र खुशीत होती. पोराची अब्रू वाचली, आणखी काय हवं, म्हणाली.

सोमवारी तो कामावर गेला आणि दांडा वर झाला. संध्याकाळी मी पाव आणायला बेकरीत गेले होते, तेव्हा मला तो बसथांब्यावर बसलेला दिसला. कंपनीतून आमच्या घरी यायला बस लागत नाही. एक बस आली, थांबली, गेली. दुसरी आली. हा बसूनच. हातमोज्यांत दिवसभर घामाने भिजलेली बोटं समोर पसरून वाऱ्यावर धरली होती, मधूनच उलटीपालटी करायचा, वाळत घातलेल्या कपड्याचा ओलेपणा बघावा तशी. मग कानांमागे चाचपायचा, केस बोटांनी उपसायचा. मी हाक मारली नाही. पाव घेतले आणि दुसऱ्या बाजूने घरी आले.

आई कधीची टेबलाशी येऊन बसली होती. वाढलेलं गार होत होतं, तरी ती झाकण उघडून बघत नव्हती, दाराकडे बघत होती. धाकटा आला, बूट काढले, हात धुतले आणि बसला. अंगात कंपनीचा कोरा शर्ट होता, इस्त्रीची घडी मोडलेली नव्हती. आता लपवण्यासारखं काही नाही म्हणून त्याने दोन्ही हात मोकळे टेबलावर ठेवले. आईने एक हात उचलून घेतला, दिव्याकडे धरला, बोटांच्या टोकांवरून अंगठा फिरवला. मग त्याच्या कानाकडे पाहिलं. मग बाहीकडे. त्याने ते सगळं करू दिलं आणि जेवत राहिला. तिने हात परत टेबलावर ठेवला.

तो जेवून उठला, आत गेला. आई त्याच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत बसली होती. मी ताटं उचलायला लागले तेव्हा तिने माझा पदर ओढावा तशी बाही ओढली.

"रोज सगळं सांगायचा गं," ती म्हणाली. "आज काहीच बोलला नाही."